फोन कोणी करायचा?

पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री एका १९ वर्षांच्या मुलाला ८२ मिनिटांत १८ ड्रिंक पाजली गेली. टिमथी पियाझा त्याचं नाव. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. ‘बीटा थीटा पाय’ या फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खासगी मंडळात, त्याला नुकताच प्रवेश मिळाला होता आणि त्या रात्री नव्या मुलांना सामावून घेण्याची रीत पार पडत होती. एका ठिकाणी व्होडका, पुढे बिअर, त्यापुढे वाइन, आणि नव्या मुलांनी रांगेने हे सगळं रिचवत पुढे सरकायचं. पावणेअकराच्या सुमारास तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. सोबत्यांनी त्याला उचलून वर आणलं आणि कोचावर टाकलं. त्याच्या कवटीला तडा गेला होता, प्लीहा फाटली होती आणि पोटात रक्त साठत चाललं होतं. रुग्णवाहिकेसाठी ९११ ला फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजून ४८ मिनिटांनी. ४ फेब्रुवारीला तो गेला.

फ्रॅटर्निटीच्या त्या घरात कॅमेरे होते, म्हणून मधल्या बारा तासांचा हिशेब न्यायालयापुढे आला. कोणी त्याच्या तोंडावर पाणी ओतलं, कोणी गालावर चापट्या मारून पाहिल्या. झोपेत कुशीवरून पाठीवर वळू नये म्हणून त्याच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधली गेली. म्हणजे उलटी घशात अडकून माणूस मरू शकतो, एवढं तिथे कुणाला तरी ठाऊक होतं. नुकताच सदस्य झालेल्या दुसऱ्या एका मुलाने ‘याला दवाखान्यात न्या’ असा आग्रह धरला, तर त्याला भिंतीवर ढकलून गप्प केलं गेलं. सकाळी टिमथी तळघरात थंडगार, निपचित सापडला. त्यानंतरही फोन व्हायला जवळजवळ चाळीस मिनिटं गेली. आणि हे घर कागदोपत्री दारूमुक्त होतं.

कॉलेजातल्या पिण्याविषयी लिहिताना सगळ्यांचं लक्ष त्या ८२ मिनिटांकडे जातं. ते चूक नाही. पण मला या प्रकरणात त्यानंतरच्या बारा तासांविषयी अधिक लिहायचं आहे. कोण काय आणि किती प्यालं हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. माणसांनी भरलेल्या घरात कुणालाच फोन का करावासा वाटला नाही, हा प्रश्न मला जास्त छळतो, कारण त्याच्या उत्तरातच जीव वाचवण्याची जागा आहे.

आधी शरीराचं बघू. अमेरिकेत ‘एक ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ३५५ मिलिलिटरचा साध्या बिअरचा कॅन, किंवा सुमारे दीडशे मिलिलिटर वाइन, किंवा ४४ मिलिलिटर व्हिस्की. आपल्याकडच्या मापात हे बसवून पाहायला हवं. आपल्याकडच्या व्हिस्कीत आणि रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ६० मिलिलिटरचा लार्ज पेग म्हणजे जवळपास दीड ड्रिंक होतो. ‘मी तर फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याच्या हातातली ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ही जवळजवळ तीन ड्रिंक असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेने २००४ मध्ये ‘बिंज’ची व्याख्या केली. रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांवर नेणारं पिणं, म्हणजे साधारण दोन तासांत पुरुषाने पाच आणि स्त्रीने चार ड्रिंक घेणं. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो, म्हणून तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातली पातळी जास्त चढते. मैत्रिणीने मित्रांच्या बरोबरीने ग्लास रिकामे करण्यात जो धोका आहे, तो शरीररचनेतून येतो; तिच्या सवयीशी त्याचा फारसा संबंध नाही. दोन स्ट्राँग बिअर तासाभरात संपवणारा मुलगा ही रेषा ओलांडतो आणि त्याला ते कळतही नाही.

यकृत तासाला साधारण एका ड्रिंकचा निचरा करतं. एकच खिडकी उघडी असलेल्या टोलनाक्यासारखं ते काम चालतं. मागे कितीही रांग लागली, कितीही हॉर्न वाजले, तरी वेग वाढत नाही. कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू, ताक, मोकळ्या हवेत फिरवणं यांतल्या कशानेही दुसरी खिडकी उघडत नाही. अठरा ड्रिंकचा निचरा व्हायला अठरा तासांच्या आसपास लागतात. आणि आणखी एक गोष्ट, जी मला वाटतं प्रत्येक होस्टेलच्या भिंतीवर लिहून ठेवावी: शेवटचा ग्लास खाली ठेवल्यावरही पातळी चढतच राहते. पोटात आणि आतड्यात असलेली दारू अजून रक्तात यायची असते. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून ज्याला आपण गादीवर टाकतो, तो झोपेत आणखी चढत असतो.

पातळी ०.३ टक्क्यांच्या पलीकडे गेली की मेंदूच्या तळाशी असलेली, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारी केंद्रं मंदावतात. घशात काही अडकलं तर ठसका लागून ते बाहेर फेकण्याची प्रतिक्रियाही मंदावते. अशात उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. अंग थंड पडतं, रक्तातली साखर घसरते. टिमथीच्या रक्तातलं प्रमाण रात्री ०.२८ ते ०.३६ च्या दरम्यान असावं, असा अंदाज तज्ज्ञांनी दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात लुइझियाना स्टेट विद्यापीठात मॅक्स ग्रुव्हर हा १८ वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या फ्रॅटर्निटीत नव्या मुलांना मंडळाविषयी आणि ग्रीक अक्षरांविषयी प्रश्न विचारले जात होते आणि उत्तर चुकलं की दारू पाजली जात होती. त्याच्या रक्तात ०.४९५ टक्के अल्कोहोल सापडलं. त्यालाही कोचावरच झोपवलं होतं.

घोरण्याने लोक फार फसतात. ‘घोरतोय, म्हणजे गाढ झोपलाय’ असं म्हणून मित्र निर्धास्त होतात. गुरगुर किंवा घरघर करत येणारा, मध्येच थांबणारा श्वास हे कोंडलेल्या श्वासमार्गाचं लक्षण असू शकतं. असाच दुसरा फसवा प्रकार म्हणजे ब्लॅकआउट. यात माणूस बेशुद्ध नसतो. तो चालतो, बोलतो, फोन करतो, गाडीची किल्ली मागतो. फक्त मेंदूतला आठवणी साठवणारा भाग काम थांबवतो आणि सकाळी त्या तासांचं काहीच उरत नाही. ड्यूक विद्यापीठातल्या ७७२ विद्यार्थ्यांच्या पाहणीत, २००२ मध्ये, कधी ना कधी प्यालेल्यांपैकी निम्म्यांनी असा अनुभव एकदा तरी घेतल्याचं सांगितलं. तेव्हा ‘मी एकदम ओके आहे’ हे त्या अवस्थेतल्या मित्राचं सांगणं प्रमाण धरू नये. ते बोलणाराच तिथे धडपणे हजर नसतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा आकार पहिल्यांदा नीट मोजला तो हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी. १९९३ मध्ये त्यांनी १४० कॉलेजांतल्या १७,५९२ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि ४४ टक्के विद्यार्थी आदल्या दोन आठवड्यांत एकदा तरी असं बेसुमार प्यायल्याचं निघालं. वर्तमानपत्रांत खळबळ माजली, विद्यापीठांनी समित्या नेमल्या, पोस्टरं लागली. २००१ मध्ये पुन्हा मोजलं तरी आकडा ४४ च होता. पण याच पाहण्यांतली एक दुसरी बाजू मथळ्यांत आली नाही. साधारण पाचातला एक विद्यार्थी दारूला शिवतच नव्हता, आणि वारंवार बेसुमार पिणाऱ्या जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या मुलांच्या घशात कॉलेजातली दोन तृतीयांशाहून अधिक दारू जात होती. कॉलेज पितं असं आपण म्हणतो खरं, पण त्यात एका गटाचा वाटा फार मोठा असतो.

हा गट थोडा असला तरी त्याचा आवाज मोठा असतो. शांतपणे खोलीत बसून वाचणारी मुलगी कुणाच्या लक्षात राहत नाही. रात्री दोनला गॅलरीत ओरडणारा सगळ्या मजल्याच्या लक्षात राहतो. प्रिन्स्टनच्या डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले: इथल्या पिण्याच्या रिवाजात तुम्हाला स्वतःला किती मोकळं वाटतं, आणि इथल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला किती वाटत असेल? बहुतेकांनी लिहिलं की मला जरा अस्वस्थ वाटतं, बाकीच्यांना मात्र काही वाटत नसावं. म्हणजे अस्वस्थ सगळेच, आणि प्रत्येकाची समजूत अशी की आपण एकटेच. मग प्रत्येक जण चेहऱ्यावर बेफिकिरी आणतो, आणि ती बेफिकिरी पाहून शेजारच्याची समजूत आणखी पक्की होते.

यावरून एक उपाय निघाला. विद्यार्थ्यांना खरे आकडे सांगा, बहुसंख्य मुलं मर्यादेत पितात हे दाखवा, म्हणजे खोटी समजूत गळून पडेल. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाने नव्वदच्या दशकात हे केलं आणि तिथलं बेसुमार पिणं खरोखर उतरलं. अनेक विद्यापीठांनी त्याची नक्कल केली. वेक्सलर यांनी २००३ मध्ये देशभरच्या कॉलेजांची तुलना करून सांगितलं की अशा मोहिमांचा काही परिणाम दिसत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं, पोस्टरवरचा आकडा मुलगा विसरतो, पण दर गुरुवारी डोळ्यांदेखत घडतं ते विसरत नाही. मिझुरी विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की ज्यांना शुक्रवारी तास नाहीत ते गुरुवारी रात्री जास्त पितात, आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या आत तास असेल तर कमी पितात. वेळापत्रकातला एवढासा बदल अनेक पोस्टरांपेक्षा कामाचा ठरू शकतो.

आता त्या कोचाकडे परत जाऊ. न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली बिब लटाने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्याला एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडायला सुरुवात केली. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत दोन जण बसवले आणि त्यांना धुराकडे दुर्लक्ष करायला सांगून ठेवलं, तेव्हा सांगायला गेले फक्त १० टक्के. धूर डोळ्यांत जात होता, खोकला येत होता, तरी बाकीचे शांत आहेत म्हणजे काळजीचं काही नसणार, असा अर्थ त्यांनी लावला. पार्टीत कोचावर पडलेला मुलगा आणि भोवती संगीत, हशा, फोटो काढणारे मित्र हे त्याच खोलीचं भयंकर रूप आहे. प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तिथे उभी असलेली मुलं क्रूर होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यातून पुढचा मुलगा वाचत नाही.

चेहऱ्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे भीती. आणि ती कायद्याशी जोडलेली आहे. अमेरिकेने १९७१ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. व्हिएतनामला लढायला जाणाऱ्या पोराला मत नाही हे लोकांना पटेना. त्याच लाटेत बऱ्याच राज्यांनी पिण्याचं वयही खाली आणलं. मग रस्त्यांवर तरुणांचे बळी वाढले. शेजारच्या राज्यात वय कमी असलं की पोरं गाडी काढून सीमा ओलांडायची आणि पिऊन परत यायची. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर यांच्या १३ वर्षांच्या मुलीला मद्यधुंद चालकाने उडवलं, आणि त्यांनी मद्यपी चालकांविरुद्ध मातांची संघटना उभी केली. तिच्या रेट्याने १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. त्यात सरळ वयाची सक्ती नव्हती, पण २१ पेक्षा कमी वयाच्यांना दारू विकत घेऊ देणाऱ्या राज्याच्या महामार्ग निधीत कपात होणार होती. साउथ डकोटा राज्य त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांत वय २१ झालं. रस्त्यावरचे जीव यामुळे वाचले, दर वर्षी शेकड्यांनी वाचले, याबद्दल मला शंका वाटत नाही.

पण १८ ते २१ ही कॉलेजातली तीन वर्षं बेकायदा झाली. पिणं बारमधून उठून वसतिगृहाच्या बंद खोलीत आणि फ्रॅटर्निटीच्या तळघरात गेलं. बाहेर दारू मिळणार नाही म्हणून निघण्याआधीच, घाईघाईने, नरड्यात ओतून घ्यायची पद्धत पडली. ज्यांना २१ पूर्ण झाली आहेत असे सीनियर हेच पुरवठादार झाले. फ्रॅटर्निटीला यामुळे वेगळीच सत्ता मिळाली: घर तिचं, दारू तिची, आत कोणाला घ्यायचं हेही तिच्याच हातात. मिडलबरी कॉलेजचे माजी अध्यक्ष जॉन मॅकार्डेल यांनी २००८ मध्ये याच मुद्द्यावर कॉलेजांच्या शंभराहून अधिक अध्यक्षांच्या सह्या गोळा केल्या. मागणी एवढीच होती की २१ च्या अटीवर पुन्हा उघड चर्चा व्हावी. मातांची संघटना खवळली, काही अध्यक्षांनी सह्या मागे घेतल्या आणि चर्चा तिथेच थांबली.

या वादात मी वय खाली आणण्याच्या बाजूचा नाही. रस्त्यावरचे मृत्यू ही हवेतली गोष्ट नाही. शिवाय मर्यादा ओलांडली की सुजाणपणा आपोआप येतो असंही दिसत नाही. मिझुरी विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकविसाव्या वाढदिवसाला प्यालेल्या मुलांपैकी ३४ टक्क्यांनी आणि मुलींपैकी २४ टक्क्यांनी त्या दिवशी २१ किंवा त्याहून जास्त ड्रिंक घेतली होती. वयाइतके ग्लास, अशी ती पैज. मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक विद्यार्थी १९९८ मध्ये त्याच पैजेत दोन तासांच्या आत २४ शॉट्स घेऊन मरण पावला. त्याच्या आई-वडिलांनी पुढे संस्था काढली आणि एकविशीत पोचणाऱ्या हजारो मुलांना वाढदिवसाची कार्डं पाठवली. त्या कार्डांत विषबाधेची लक्षणं छापलेली असत.

वय कुठलंही असो, पडलेला मुलगा आणि टेलिफोन यांच्यामध्ये कायद्याची भीती उभी राहता कामा नये. हे कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये अमलात आणलं. दारू चढलेल्या मित्रासाठी जो रुग्णवाहिका बोलावेल त्याच्यावर, आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावरही, पिण्याबद्दल विद्यापीठ शिस्तभंगाची कारवाई करणार नाही. रुग्णालयातून परत आल्यावर समुपदेशकाशी बोलायचं, एवढीच अट. त्यानंतर तिथून मदतीचे फोन वाढले, आणि ‘अडकू म्हणून फोन केला नाही’ असं सांगणारे विद्यार्थी कमी झाले. फोन वाढले म्हणून पिणं वाढलं असं दिसलं नाही. पुढे अनेक राज्यांनी असंच संरक्षण कायद्यात आणलं. इंडियानाने २०१२ मध्ये केलेल्या कायद्याला जीवनदोरीचं नाव दिलं आहे. मला हा गेल्या पन्नास वर्षांतला या विषयातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. अमेरिकेत अजूनही दर वर्षी १८ ते २४ वयोगटातले सुमारे १,५०० कॉलेज विद्यार्थी दारूशी संबंधित अपघाती कारणांनी, वाहन अपघात धरून, मरतात, असा तिथल्या राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातला प्रत्येक जण फोनने वाचला नसता. पण काही निश्चित वाचले असते.

आपल्याकडे कायदा अमेरिकेहून कडक आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, आणि व्हिस्की-रमसाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. गोव्यात १८ पुरतात, आणि कॉलेजच्या सहली तिकडे का वळतात हे पालकांना ठाऊक आहे. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तो आधी दोन ठिकाणी पिऊन निघाला होता, असं पोलिसांचं म्हणणं. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. पण आपल्या होस्टेलांमध्येही पहिला विचार हाच असतो: केस होऊ नये, नाव येऊ नये, घरी कळू नये. रेक्टरला कळलं तर होस्टेल सुटेल, वर्ष जाईल, बाबा येतील. म्हणून रूममेट दाराला आतून कडी लावतो आणि बादली शेजारी ठेवून ‘झोप रे’ म्हणतो. त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. फोन केला तर तुझ्यावर काही येणार नाही, असं त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. ते लेखी सांगणं ही प्राचार्यांची आणि वसतिगृह समितीची जबाबदारी आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

तोवर निदान एवढं प्रत्येकाला माहीत असावं. हाका मारून, चिमटा काढूनही डोळे उघडत नसतील, शुद्ध नसताना उलटी होत असेल, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, कातडी थंड, चिकट किंवा निळसर दिसत असेल, तर यातलं एक लक्षणही पुरेसं आहे. पडून डोक्याला मार लागला असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये. महाराष्ट्रात १०८ किंवा ११२, अमेरिकेत ९११. फोन होईपर्यंत आणि झाल्यावरही त्याला कुशीवर ठेवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा, तोंड किंचित खाली कललेलं. एकाने सतत शेजारी बसायचं आणि श्वास मोजत राहायचा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, घशात बोटं घालायची नाहीत, शॉवरखाली धरायचं नाही. थंड पाण्याने घसरलेलं तापमान आणखी घसरतं. डॉक्टरला किती प्याला आणि सोबत कुठली गोळी घेतली का, ते खरं सांगायचं. झोपेच्या किंवा वेदनेच्या काही गोळ्या आणि दारू एकत्र आल्या की श्वास लवकर थांबतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं आता दर वर्षी मोठ्या संख्येने या कँपसवर जातात, आणि इथून थेट पदवीला जाणारीही वाढली आहेत. व्हिसावर असलेल्या मुलांच्या मनात आणखी एक भीती असते. ती पूर्ण निराधार नाही: मद्य पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. पण मित्रासाठी रुग्णवाहिका बोलावणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक विमानात बसण्याआधी घरात बोलला गेला पाहिजे. पालकांना आणखी एक माहीत असावं. एरवी विद्यार्थ्याची माहिती घरी देण्यावर अमेरिकेत निर्बंध आहेत, पण १९९८ पासून २१ पेक्षा लहान विद्यार्थ्याने दारूचा नियम मोडला तर कॉलेज आई-वडिलांना कळवू शकतं. सगळी कॉलेजं कळवत नाहीत. विचारावं लागतं.

चित्र बदलतंय, हेही सांगायला हवं. गॅलपच्या पाहण्यांत या शतकाच्या सुरुवातीला १८ ते ३४ वयाचे ७२ टक्के अमेरिकन पीत होते. २०२१ ते २०२३ मध्ये ते ६२ टक्क्यांवर आले. पेन्सिल्व्हेनियाने २०१८ मध्ये टिमथीच्या नावाने कायदा करून जिवावर बेतणाऱ्या अशा छळाला गंभीर गुन्ह्याचा दर्जा दिला, लुइझियानाने त्याच वर्षी मॅक्सच्या नावाने. टिमथीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, २०२४ मध्ये, फ्रॅटर्निटीच्या दोघा माजी पदाधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना दोन ते चार महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात संपूर्ण देशासाठी कायदा आला. त्यानुसार कॉलेजांना आपल्या कोणत्या विद्यार्थी संघटनेने नव्या मुलांचा असा छळ केला, चौकशीत काय निघालं आणि काय कारवाई झाली, हे आपल्या संकेतस्थळावर उघड मांडावं लागतं. प्रवेशाचा अर्ज भरताना फी, क्रमवारी आणि नोकऱ्यांचे आकडे आपण बारकाईने बघतो. त्याच बैठकीत हे पानही उघडावं, आणि मुलासोबत बसून वाचावं.